प्रश्न गेला, उत्तर कुठं अडलं?

दोस्तांनो, शीळफाटा माहीत आहे ना? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ठाणे जिल्ह्यात कल्याणकडून येणारा रस्ता, मुंब्र्याकडून येणारा, पनवेलकडून येणारा आणि महाप्याकडून डोंगर ओलांडून येणारा, हे सगळे जिथं एकमेकांना भेटतात तो हा फाटा. भेटतात म्हणण्यापेक्षा एकमेकांत अडकतात म्हटलं तरी चालेल! ट्रक, कंटेनर, बस, रिक्षा आणि मधूनच वाट काढणारी एखादी मोटारसायकल. सगळ्यांनाच घाई.

समजा, उन्हाळ्याचे दिवस आहेत. तुम्ही आईबरोबर फाट्यावर बसची वाट बघताय. घसा कोरडा पडलाय. शेजारच्या रसवंतीवर घुंगरं वाजतायत. तुम्ही दोन ग्लास रस घेतलात. आईने फोन काढला, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या चौकोनावर धरला, चाळीस रुपये लिहिले, गुप्त आकडा दाबला. आणि फोनवर ते चक्र फिरायला लागलं. गोल, गोल, गोल. गल्ल्यावरचा स्पीकर मात्र गप्प! रसवाले काका स्पीकरकडे बघतायत, आई फोनकडे बघतेय आणि तेवढ्यात समोर बस येऊन उभी राहिली. आता? पैसे गेले की नाही गेले? पुन्हा पाठवायचे? की तसंच पळायचं? (पळायचं नाही हं!)

आज आपण या फिरणाऱ्या चक्राच्या पोटात शिरणार आहोत. कारण ते चक्र फिरत असतं ना, तेव्हा फोन एका फार कठीण प्रश्नाशी झुंजत असतो. तो प्रश्न नीट सोडवला नाही, तर तुमच्या आईचे चाळीसाचे ऐंशी होऊ शकतात.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. फोनमधलं ॲप आपल्याला फार हुशार वाटतं, पण त्याला स्वतःला तसं थोडंच माहीत असतं. आईच्या खात्यात किती पैसे आहेत हे फोनला ठाऊक नसतं, ते बँकेच्या संगणकाला ठाऊक असतं. मॅच कुठवर आली, उद्या पाऊस आहे का, मागवलेली वस्तू कुठं पोचली, यातलं काहीच फोनला आपणहून कळत नाही. म्हणून तो विचारतो. कुठंतरी दूर एक मोठा संगणक असतो, त्याचं कामच मुळी आलेल्या प्रश्नांना उत्तरं देण्याचं. त्याला सर्व्हर म्हणतात. फोनने विचारलं ती विनंती, म्हणजे रिक्वेस्ट. सर्व्हरने दिलं ते उत्तर, म्हणजे रिस्पॉन्स. ॲप तयार करणाऱ्या माणसांच्या तोंडी हे दोन शब्द दिवसभर असतात.

शाळेत बाई कधीकधी एखाद्या मुलाला चिठ्ठी देऊन ऑफिसात पाठवतात, तशीच ही विनंती असते. चिठ्ठीवर काय काय लागतं? कुणाला द्यायची ते, कुणी पाठवली ते, काय काम आहे ते, आणि कामाला लागणारा मजकूर. कामाचे मुख्य दोन प्रकार. पहिला ‘आणून दे’ असा. चौथीचं हजेरीपुस्तक आणून दे. या प्रकाराला गेट म्हणतात. दुसरा ‘हे घे आणि काम कर’ असा. ही सहलीची वर्गणी घे आणि जमा कर. याला म्हणतात पोस्ट. हा फरक साधा वाटतो, पण नीट ध्यानात ठेवा. हजेरीपुस्तक दोनदा मागितलं तर ऑफिसातले काका फार तर कुरकुरतील. वर्गणी दोनदा जमा झाली तर मात्र घरी बाबा विचारतील, आणि विचारायलाच हवं!

बरं, ही चिठ्ठी जाते कुठून? फोनमधून रेडिओलहरींवर स्वार होऊन जवळच्या मोबाइल टॉवरवर. तिथून पुढे केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंमधून प्रकाशाच्या रूपात. शीळफाट्याहून महाप्याच्या रस्त्याला लागलात की डोंगराच्या पलीकडे महापे, रबाळे, ऐरोली या भागात मोठमोठ्या डेटा सेंटरच्या इमारती आहेत. आत नुसते संगणकच संगणक, आणि ते तापू नयेत म्हणून रात्रंदिवस चालणारी थंड हवा. आपले काही प्रश्न अशा अगदी शेजारच्या इमारतीत जाऊन परत येतात. काही चेन्नईला जातात, काही समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून थेट परदेशात.

वेळ किती लागतो? वही काढा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. महापे फाट्यापासून दहा किलोमीटरच्या आतच आहे, म्हणजे तिथं पोचायला सेकंदाचा वीस हजारावा भागसुद्धा लागायचा नाही. अमेरिकेचा पूर्व किनारा मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन येऊन २५ हजार. भागाकार केलात तर सेकंदाचा आठवा भाग येतो. केबल सरळ रेषेत नसते, वाटेत थांबेही असतात, म्हणून प्रत्यक्षात वेळ जास्तच. पण एखाद्या ॲपने असे वीस प्रश्न एकामागून एक विचारले, पहिल्याचं उत्तर आल्याशिवाय दुसरा विचारायचाच नाही असं केलं, तर? अडीच सेकंद तर नुसते येण्याजाण्यातच गेले! काही ॲप पटकन उघडतात आणि काही रेंगाळतात, त्याचं हे एक कारण. चांगला ॲपवाला वीस प्रश्न एकाच चिठ्ठीत मावतात का ते आधी बघतो.

उत्तरावर एक आकडा असतो. तीन अंकी. टिम बर्नर्स-ली नावाच्या शास्त्रज्ञाने जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ ते १९९१ या काळात वर्ल्ड वाइड वेब तयार केलं. त्या वेबसाठी विचारण्याची आणि उत्तर देण्याची जी भाषा ठरली, तिच्यातलेच हे आकडे. पहिला अंक बघितला की उत्तराचा सूर कळतो. २ ने सुरुवात झाली तर काम झालं. ३ असेल तर पत्ता बदललाय, तिकडे जा. ४ म्हणजे चूक विचारणाऱ्याची. ५ म्हणजे चूक माझी, सर्व्हरची. ४०४ तुम्ही पाहिलाच असेल, ‘असं काही माझ्याकडे नाही’. ४२९ म्हणजे ‘अरे बाबा, किती वेळा विचारशील!’ ५०३ म्हणजे ‘आत्ता जमत नाही, नंतर ये’. आणि एक गंमत सांगू? ४१८ असाही एक आकडा आहे. त्याचा अर्थ, ‘मी चहाची किटली आहे, मला कॉफी करायला सांगू नका’! १ एप्रिल १९९८ ला, म्हणजे एप्रिल फूलच्या दिवशी, काही संगणकतज्ज्ञांनी तो चेष्टेत काढला होता, आणि आजही तो जुन्याजाणत्यांच्या लक्षात आहे.

आकडा कुठलाही येवो, उत्तर आलं म्हणजे निदान काय झालं ते कळलं. नकार मिळाला तरी बरं. खरी पंचाईत होते ती उत्तर न आल्यावर.

विचार करा. रसवंतीपाशी आईच्या फोनने ‘चाळीस रुपये दे’ अशी चिठ्ठी पाठवली आणि उत्तर आलं नाही. काय झालं असेल? एक, चिठ्ठी जातानाच हरवली, पैसे हललेच नाहीत. दोन, चिठ्ठी पोचली, बँकेचं काम चालू आहे, जरा वेळ लागतोय. तीन, चिठ्ठी पोचली, पैसे गेलेसुद्धा, पण ‘झालं’ असं सांगणारं उत्तर परत येताना हरवलं. या तिन्ही गोष्टी एकमेकींपेक्षा किती वेगळ्या आहेत! पण फोनच्या बाजूने बघाल तर तिन्ही वेळी दिसतं एकच, फिरणारं चक्र. फोन कितीही महागाचा असू दे, त्याला यातलं नक्की काय झालं ते सांगता येत नाही.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून आमच्या चौथीच्या वर्गात आम्ही याचा एक खेळ केला. तुम्हीही करा, साहित्य फुकटचं आहे. दाराशी एक मुलगा उभा केला, तो ‘फोन’. फळ्यापाशी एक मुलगी, ती ‘सर्व्हर’. सर्व्हरपुढे दोन डबे, एक फोनच्या नावाचा, एक रसवाल्याच्या नावाचा. फोनच्या डब्यात वीस चिंचोके. दार ते फळा अशी सहा मुलांची रांग, ते सगळे पोस्टमन. चिठ्ठी हातोहात पुढे द्यायची. त्यातल्या एकाच्या कानात मी काहीतरी सांगितलं.

पहिल्या वेळी फोनने चिठ्ठी लिहिली, ‘माझ्या डब्यातले पाच चिंचोके रसवाल्याला दे.’ मधल्या पोस्टमनने ती गुपचूप खिशात घातली. फोन वाट बघून कंटाळला, त्याने दुसरी चिठ्ठी पाठवली, ती पोचली. पाच चिंचोके गेले, उत्तर आलं. छान. दुसऱ्या वेळी पोस्टमनने जाणारी चिठ्ठी जाऊ दिली आणि परत येणारं ‘झालं’ खिशात घातलं. फोनने पुन्हा वाट बघितली, पुन्हा चिठ्ठी पाठवली. सर्व्हरने इमानदारीत आणखी पाच चिंचोके काढून दिले. दाराशी उभ्या असलेल्या मुलाने डबा बघितला आणि ओरडला, “बाई, माझे दहा गेले की!”

आता काय करायचं, असं मी वर्गाला विचारलं. आधी सूचना आली ती पोस्टमनला शिक्षा करायची. ती एकमताने मंजूर झाली असती! पण खऱ्या जगात पोस्टमन म्हणजे हवेतल्या लहरी, त्यांना कोण शिक्षा करणार? दुसरी सूचना, सर्व्हरनेच पुन्हा एक चिठ्ठी पाठवून कळवावं. पण तीही हरवली तर? मग ती पोचली हे सांगायला तिसरी? याला शेवटच नाही. जरा वेळ शांतता झाली. मग खिडकीजवळ बसणारी, एरवी फारसं न बोलणारी एक मुलगी म्हणाली, “बाई, चिठ्ठीला नंबर टाकू. झालेले नंबर तिने वहीत लिहून ठेवायचे.”

तिसऱ्या वेळी तसं केलं. चिठ्ठी क्रमांक ७. पोस्टमनने उत्तर लपवलं. फोनने क्रमांक ७ चीच चिठ्ठी पुन्हा पाठवली. सर्व्हरने वही बघितली, सात तर झालाय! तिने डब्याला हात न लावता नुसतं ‘झालं’ एवढंच उत्तर परत पाठवलं. गेले पाचच. वर्गात टाळ्या पडल्या. एक गडबड मात्र झाली. चौथ्या वेळी ज्याची पाळी होती त्याने दुसऱ्यांदा पाठवताना नवीनच नंबर टाकला, आणि त्याचे पुन्हा दहा गेले. म्हणजे नुसता नंबर टाकून भागत नाही. तेच काम पुन्हा विचारताना जुनाच नंबर हवा, आणि तो विचारणाऱ्याने विचारण्याआधीच ठरवलेला हवा.

दहा वर्षांच्या मुलीला जे सुचलं, तेच जगभरातले संगणक अभियंते करतात. त्यांनी त्याला एक जीभ अडखळवणारं नाव ठेवलंय, आयडेम्पोटन्सी. नाव विसरलात तरी चालेल, नंबर विसरू नका! आईने पैसे पाठवल्यावर फोनवर खाली बारीक अक्षरांत एक १२ अंकी क्रमांक दिसतो तो नीट बघा. प्रत्येक व्यवहाराचा आपला वेगळा क्रमांक असतो. वाद झाला तर बँक त्याच्यावरूनच शोध घेते.

ही पैसे पाठवायची पद्धत, यूपीआय, आपल्या मुंबईतलीच बरं का. २००८ साली स्थापन झालेल्या एनपीसीआय या संस्थेने ती तयार केली आणि ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते तिची सुरुवात झाली. आज तिचा पसारा केवढा? ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. महिन्याच्या सेकंदांनी भागलंत तर सेकंदाला सुमारे साडेसात हजार. तुम्ही ‘एक’ म्हणेपर्यंत देशात साडेसात हजार जणांनी कुणाला तरी पैसे दिलेले असतात.

एवढं अवाढव्य यंत्र एकदा चक्क प्रश्नांनीच दमलं. १२ एप्रिल २०२५, शनिवार. हनुमान जयंती होती. भर दुपारी देशभर यूपीआय अडखळायला लागलं. कुणाचे पैसे जाईनात, कुणाचं नुसतं चक्रच फिरतंय. काही तासांनी गाडी रुळावर आली. मग एनपीसीआयने कारण शोधलं. तुम्हाला वाटेल, कुणी हल्ला केला असेल, नाहीतर मोठं यंत्र जळलं असेल. तसलं काहीच नव्हतं. पैसे पाठवायच्या विनंतीखेरीज आणखी एक विनंती असते, ‘मघाच्या त्या व्यवहाराचं काय झालं?’ अशी. उत्तर आलं नाही की बँकेचा संगणक ती विचारतो. काही बँकांचे संगणक ती वारंवार विचारत सुटले. इतक्या वेळा, की त्या विचारणांचाच पूर आला. जुन्या, होऊन गेलेल्या व्यवहारांचीसुद्धा चौकशी चालू होती!

यात काय होतं ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. परीक्षा झाली की दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं, “बाई, पेपर तपासले?” एकाने विचारलं तर ठीक. पण पन्नास मुलांनी दर पाच मिनिटांनी विचारलं, तर बाई पेपर तपासणार कधी? सगळा वेळ ‘नाही रे अजून’ म्हणण्यातच जाईल. पेपर पडून राहिले म्हणून मुलं आणखी विचारणार, मुलं आणखी विचारतात म्हणून पेपर आणखी पडून राहणार. सर्व्हरचं अगदी हेच होतं. तो हळू झाला की सगळे पुन्हा पुन्हा विचारतात, आणि पुन्हा पुन्हा विचारल्यामुळे तो आणखी हळू होतो. शीळफाट्याच्या कोंडीत प्रत्येक जण पुढची चाक-दोन चाक जागा पकडायला गाडी घुसवतो आणि चारी रस्ते बंद होतात, तसंच.

त्यानंतर त्याच महिन्यात एनपीसीआयने बँकांना विचारण्याचा नियम पुन्हा बजावला. व्यवहार सुरू झाल्यापासून ९० सेकंद जाऊ द्या, मगच पहिल्यांदा स्थिती विचारा, आणि दोन तासांत जास्तीत जास्त तीनदा. पुढे जूनमध्ये दुसऱ्या बाजूलाही चाप लावला. स्थिती विचारल्यावर उत्तर द्यायला ३० सेकंदांची मुदत होती, ती १० वर आणली. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपमधून खात्यातली शिल्लक दिवसाला ५० वेळाच बघता येईल असंही ठरलं. पन्नास वेळा शिल्लक कोण बघतं म्हणा! पण काही ॲप आपण न सांगता पाठीमागून विचारत असतात, हे त्यातलं खरं दुखणं.

मग ॲपने पुन्हा विचारायचं तरी कसं? थांबून थांबून, आणि दर वेळी जास्त थांबून. पहिल्यांदा उत्तर आलं नाही तर १ सेकंद थांबायचं. पुन्हा नाही आलं तर २, मग ४, मग ८, असं दुप्पट करत जायचं. काही वेळांनंतर सरळ हात टेकायचे आणि माणसाला स्पष्ट सांगायचं, ‘जमलं नाही.’ यातही एक फट राहते. एकाच क्षणी हजार फोनचं उत्तर चुकलं, तर ते हजारही बरोबर १ सेकंदाने, बरोबर २ सेकंदांनी एकदमच धडकणार. म्हणून थांबायच्या वेळेत फासा टाकल्यासारखा थोडा फरक ठेवतात. कुणी पाऊण सेकंद, कुणी सव्वा.

ही फाशाची युक्ती मोबाइलहून कितीतरी जुनी आहे. १९७१ साली हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. त्या जाळ्याचं नाव होतं अलोहा. दोन बेटं एकदम बोलली की दोघांचंही बोलणं वाया जायचं. उपाय काय केला, तर दोघांनीही वाटेल तेवढा वेगवेगळा वेळ थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. वर्गाच्या दारात दोन मुलं एकदम अडकतात, ‘तू जा’, ‘नाही तू जा’ करत पुन्हा एकदमच पाऊल टाकतात ना? फासा टाकला असता तर केव्हाच सुटली असती!

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. कधीकधी सर्वांत चांगली विनंती म्हणजे जी करावीच लागत नाही ती! लोकलने जाणाऱ्या आईबाबांच्या फोनमध्ये एम-इंडिकेटर नावाचं ॲप तुम्ही पाहिलं असेल. सचिन टेके या अभियंत्याने ते २०१० साली लोकांपुढे आणलं. तेव्हा साध्या बटणांच्या फोनवरही ते चालायचं. दिव्याहून ठाण्याला आता पुढची गाडी किती वाजता, हे बघायला त्याला कुणाला विचारावंच लागत नाही. कारण वेळापत्रक ॲपबरोबरच फोनमध्ये येऊन बसलेलं असतं. तेव्हा इंटरनेट महाग होतं आणि गर्दीच्या गाडीत त्याचा भरवसाही नव्हता. वेळापत्रक तर काही रोज बदलत नाही, मग रोज लाखो लोकांनी ते नव्याने कशाला मागायचं? आजीने वर्षाचं तिखट एकदाच करून बरणीत भरून ठेवलं, तसं हे.

पण बरणीतलं तिखट जुनं होतं, तसं साठवलेलं उत्तरही शिळं होतं. रविवारी मेगाब्लॉक असला की छापील वेळापत्रक बाजूला राहतं. आणि ‘गाडी आत्ता कुठं आहे?’ हे तर कुठल्याच बरणीत मिळणार नाही, ते त्या क्षणीच विचारायला हवं. कुठलं उत्तर साठवायचं, ते किती दिवस चालवायचं आणि कुठलं दर वेळी ताजं मागायचं, हे ठरवणं ॲप करणाऱ्याचं मोठं काम. आणि विचारता येणार नाही अशा जागा आपल्याकडे कमी नाहीत. कळव्यापुढचा पारसिकचा बोगदा १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून लांब. लांब पल्ल्याची गाडी त्यात शिरली की फोनवरच्या रेघा बघा कशा गळतात. बुलेट ट्रेनसाठी तर वांद्रे-कुर्ला संकुलापासून आपल्या शीळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा आखलाय, त्यातला ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. २० सप्टेंबर २०२५ ला त्याच्या घणसोली ते शीळफाटा या टप्प्याचं खोदकाम आरपार झालं.

एक शब्द आईबाबांसाठी. पैसे अडकले तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. आपण पुन्हा पहिल्यापासून पाठवलं की ॲपला तो नवीन व्यवहार वाटतो आणि नवीन क्रमांक पडतो, आमच्या वर्गातल्या त्या चौथ्या वेळेसारखा. आधी बँकेचा संदेश किंवा खात्यातली नोंद बघा. ‘प्रलंबित’ असं दिसलं तर दुकानदाराला त्या वेळेपुरते रोख द्या आणि क्रमांक टिपून ठेवा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये याची मुदत ठरवून दिली आहे. खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराला पोचल्याचं कळलं नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. माणसाने माणसाला पाठवले असतील तर १ दिवसात. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. रसवाल्या काकांनाही हे सांगा, कारण स्पीकर बोलला नाही की सगळ्यात जास्त जीव त्यांचाच टांगणीला लागतो. गिऱ्हाईक तर बस पकडून निघून गेलेलं असतं.

आणि आता तुमच्यासाठी या रविवारचा उद्योग. घरच्यांना विचारून फोन विमान मोडवर टाका आणि एकेक ॲप उघडा. वहीत तीन रकाने आखा. कुठलं ॲप तसंच चालतं? कुठलं ‘इंटरनेट नाही’ असं सरळ सांगतं? आणि कुठलं नुसतं चक्र फिरवत बसतं? तिसऱ्या रकान्यातली ॲप आळशी हातांनी लिहिलेली आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पैशांच्या ॲपला मात्र या खेळात हात लावू नका.

जाता जाता एक कोडं. एका ॲपने प्रश्न विचारला, उत्तर आलं नाही. ते १ सेकंद थांबलं, पुन्हा विचारलं. मग २ सेकंद, मग ४, असं दुप्पट थांबत गेलं. तर पहिल्या प्रश्नानंतर किती सेकंदांनी ते सहाव्यांदा विचारेल? आणि दहाव्यांदा? पहिलं उत्तर ३१. दुसरं तुम्ही काढा, आणि आलेल्या सेकंदांची मिनिटं करून बघा.